चांदण्या दिसेपर्यंत

पुण्याच्या इतिहासात १७ नोव्हेंबर १८१७ ही तारीख शनिवारवाड्याची आहे. खडकीची लढाई होऊन बारा दिवस झाले होते, येरवड्यापाशी तोफा वाजून गेल्या होत्या, दुसरा बाजीराव पुणं सोडून निघाला होता, आणि त्या दिवशी वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. शाळेत हे आपण सगळेच शिकतो. पण त्याच दिवशी लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, किंग्ज बेंच न्यायालयात काय चाललं होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. खुनाचा आरोप असलेला अब्राहम थॉर्नटन नावाचा धट्टाकट्टा तरुण गवंडी न्यायमूर्तींसमोर उभा होता. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘मी निर्दोष आहे, आणि ते माझ्या देहानिशी सिद्ध करायला तयार आहे.’ मग वकिलाने पुढे केलेल्या चामड्याच्या दोन हातमोज्यांपैकी एक त्याने हातात चढवला आणि दुसरा समोर जमिनीवर टाकला.

तो मोजा उचलायचा होता विल्यम ॲशफर्डने. विल्यम जेमतेम विशी ओलांडलेला, बुटका, अंगाने किरकोळ. ज्या मुलीच्या खुनाचा हा खटला होता, तिचा तो सख्खा भाऊ. त्याने मोजा उचलला असता, तर न्यायालयाने दिवस नेमून दिला असता, साठ फूट लांब-रुंद चौरस मैदान आखून दिलं असतं, आणि दोघांच्या हातात एकेक दांडकं आणि चामड्याची चौकोनी ढाल देऊन सूर्योदयाला त्यांना समोरासमोर सोडलं असतं. आकाशात चांदण्या दिसेपर्यंत लढायचं. तोवर थॉर्नटन नुसता तग धरून राहिला, तरी तो सुटला. तो हरला, तर तिथेच फाशी. आणि फिर्यादीनेच हार मानली, तर त्याची पत गेली. पुढे कुठल्याही न्यायालयात त्याची साक्ष चालायची नाही.

विल्यमने मोजा उचलला नाही.

हे सगळं एकोणिसाव्या शतकात घडलं, वाफेची इंजिनं चालू झालेल्या बर्मिंगहॅमच्या परिसरातल्या माणसांच्या बाबतीत. दोन वर्षांनी, १८१९ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा मोठा अहवाल लिहिला. आपल्या पंचायती कशा बसतात, न्याय कसा करतात, हे त्याने त्यात तपशिलात मांडलं. तो अहवाल वाचताना मला राहून राहून वाटतं, की पुण्यात बसून तो आमच्या न्यायाची पाहणी करत होता, त्याच वर्षापर्यंत त्याच्या स्वतःच्या देशाच्या कायद्यात दांडक्याने निवाडा करण्याची सोय होती.

मेरी ॲशफर्ड वीस वर्षांची होती. वॉरिकशरमधल्या एर्डिंग्टन गावाच्या आसपास, नातलगाच्या शेतावर राहून घरकाम करणारी. २६ मे १८१७, सणाचा सोमवार. सकाळी ती बर्मिंगहॅमच्या बाजाराला जाऊन आली. संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी, हॅना कॉक्सकडे, तिने कपडे बदलले आणि दोघी टायबर्न हाउस नावाच्या सराईत नाचाच्या कार्यक्रमाला गेल्या. तिथे थॉर्नटन तिच्यासोबत नाचला. मध्यरात्रीच्या सुमाराला ती त्याच्याबरोबर बाहेर पडली. पहाटे चारच्या सुमाराला ती एकटी हॅनाकडे परत आली, नाचाचे कपडे उतरवून कामावरचे घातले, नाचाच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि घराकडे निघाली. साडेसहाच्या आत एका मजुराला वाटेवरच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्याच्या काठी तिची टोपी, पांढरे बूट आणि ते गाठोडं दिसलं. खड्ड्यात मेरी होती.

शेजारचं शेत नुकतंच कुळवलेलं होतं. कुळवलेल्या भुसभुशीत मातीत ठसा कसा उमटतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तिथे एका पुरुषाची आणि एका बाईची पावलं होती. काही ठिकाणी अंतर लांबलेलं, टाचा खोल रुतलेल्या, म्हणजे दोघंही धावत होती. जवळच्या कारखान्यातल्या कामगारांनी थॉर्नटनचे बूट आणून त्या ठशांवर ठेवून पाहिले. बूट बरोबर बसले. थॉर्नटनने रात्री तिच्यासोबत असल्याचं आणि शरीरसंबंधाचंही कबूल केलं. मात्र ते तिच्या संमतीने, आणि पुढचं आपल्याला काही माहीत नाही, असं तो म्हणाला.

त्याच्या बाजूने घड्याळं उभी राहिली. साडेचारच्या सुमाराला तो बऱ्याच लांबच्या एका शेतवाडीजवळून निवांत चालत जाताना दिसला, अशी साक्ष एका दूधवाल्याने आणि आणखी काही लोकांनी दिली. मेरी हॅनाच्या घरून निघाली ती वेळ आणि त्याला तिथे पाहिलं ती वेळ यांच्यामध्ये पाठलाग, बलात्कार, खून आणि एवढी चाल बसते का, यावर खटला येऊन ठेपला. अडचण अशी, की घरोघरची घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती. कुणाचं पुढे, कुणाचं मागे. साक्षीदारांच्या घड्याळातली मिनिटं वजा करून, मिळवून एका मुलीच्या शेवटच्या तासाचा हिशेब मांडला जात होता. ८ ऑगस्टला वॉरिकमध्ये न्यायमूर्ती होलरॉइड यांच्यापुढे खटला चालला. ज्युरीने जागचं न हलता सहा मिनिटांत निकाल दिला: निर्दोष.

तो निकाल चूक होता असं मी म्हणणार नाही. कागदपत्रं वाचली, तर शंकेला जागा आहे, आणि शंकेचा फायदा आरोपीला मिळायलाच हवा. मला जे सहन होत नाही ते दुसरंच आहे. सटन कोल्डफील्डच्या चर्चच्या आवारात मेरीचं थडगं आहे. त्यावरचा मजकूर एका पाद्रीबुवांनी लिहून दिला. स्त्रियांच्या शीलाला इशारा म्हणून हा दगड, अशी त्याची सुरुवात होते. आणि पुढे, ही मुलगी योग्य सोबत न घेता बेसावधपणे करमणुकीच्या ठिकाणी गेली आणि तिच्यावर अत्याचार होऊन ती मारली गेली, असं कोरलेलं आहे. माणूस कोर्टातून सुटला होता. तेव्हा दोष कुणावर तरी टाकायचा म्हणून तो नाचावर, सोबत नसण्यावर, पर्यायाने मेरीवर टाकला. ती सोबत न घेता गेली नव्हती. ती मैत्रिणीसोबत गेली होती. दगडाच्या हिशेबात मैत्रीण ही सोबत नव्हे.

गावोगाव संताप होता. वर्गणी जमली आणि विल्यमसाठी वकील उभे केले गेले. इंग्लंडच्या कायद्यात तेव्हा एक जुनं दार उघडं होतं: राजाच्या नावाने चाललेल्या खटल्यात आरोपी सुटला, तरी मृताच्या वारसाला वर्ष आणि एक दिवसाच्या आत स्वतःच्या नावाने खुनाची फिर्याद करता येत असे. ही फिर्याद सरकारची नव्हती, रक्ताच्या नात्याची होती. म्हणून राजाला त्यात माफी देता येत नसे. शेकडो वर्षं लोकांनी या दाराला धरून ठेवलं होतं ते याच कारणासाठी. दरबारात वशिला असलेला खुनी राजाकडून माफी मिळवू शकत होता, मृताच्या भावाकडून नाही.

पण ही फिर्याद करायची, तर आरोपीला एक उलट हक्क होता. ज्युरीपुढे जायचं की फिर्यादीशी द्वंद्व लढून निकाल लावायचा, हे तो निवडणार. आणि इथेच बायकांचा प्रश्न आला. बाईला मैदानात उतरवता येत नव्हतं, म्हणजे बाईने फिर्याद केली की आरोपीची ती निवड बुडायची. यावर कायद्याने काढलेली वाट पाहण्यासारखी आहे. १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये, ज्या सनदेला आपण नागरिकांच्या हक्कांची गंगोत्री म्हणतो तिच्यात, ५४ वं कलम असं आहे की बाईच्या फिर्यादीवरून कुणालाही खुनासाठी अटक होणार नाही. अपवाद फक्त तिच्या नवऱ्याच्या खुनाचा. म्हणजे पोटच्या मुलीसाठी आई फिर्याद करू शकत नाही. बहिणीसाठी बहीण करू शकत नाही. दांडकं उचलता येत नाही, म्हणून तक्रारही उचलता येत नाही. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये तो किरकोळ अंगाचा मुलगा एकटा उभा होता, त्यामागे सहाशे वर्षांपूर्वीचं हे कलम होतं.

द्वंद्वाने निवाडा करण्याची रीत युरोपात फार जुनी. बर्गंडीचा राजा गुंडोबाद याने सहाव्या शतकाच्या सुरुवातीला ती आपल्या कायद्यात लिहून काढली. त्याची तक्रार होती ती खोट्या शपथांची. लोक देवाची शपथ घेऊन सर्रास खोटं बोलतात, तेव्हा शपथेपेक्षा तलवार बरी, असा त्याचा विचार. हा विचार अगदीच रानटी नव्हता. ज्याला स्वतःचं म्हणणं खरं वाटतं, त्याने त्यासाठी जीव पणाला लावावा; खोटारडा कचरेल, आणि नाहीच कचरला तर देव बघून घेईल. खेड्यात आजही माणसं ‘घे शपथ’ म्हणून समोरच्याला देवळात नेतात ते याच हिशेबाने.

पण ज्यांनी ही रीत चालवली, त्यांनाच तिची खात्री नव्हती. इटलीतल्या लोम्बार्डांचा राजा लिउटप्रांड याने ७३१ मध्ये कायद्यातच लिहून ठेवलं आहे, की देवाचा कौल काय असतो याबद्दल आम्ही साशंक आहोत, लढाईत पुष्कळांनी आपली न्याय्य बाजू अन्यायाने गमावल्याचं आमच्या कानावर आलं आहे, पण ही आमच्या लोकांची रूढी असल्यामुळे आम्हाला ती बंद करता येत नाही. हे वाक्य वाचल्यापासून मला तो राजा फार जवळचा वाटतो. सिंहासनावर बसून त्याने खरं सांगितलं: हे चुकीचं आहे हे मला दिसतं, आणि तरी मला ते थांबवता येत नाही.

चर्चने १२१५ मध्येच तापलेलं लोखंड आणि पाणी यांतून देवाचा कौल घेणाऱ्या परीक्षांना आशीर्वाद देणं पाद्र्यांना मना केलं. त्या परीक्षा इंग्लंडमधून चार-पाच वर्षांत गेल्या आणि ज्युरी पुढे आली. द्वंद्व मात्र टिकलं, कारण त्याला पाद्री लागत नव्हता. जमिनीच्या दाव्यात तर पक्षकार स्वतः लढतही नसत. त्यांच्या वतीने भाडोत्री लढवय्या उतरे. त्या लढवय्याला शपथ घ्यावी लागे, की या जमिनीचा भोगवटा मी किंवा माझ्या बापाने डोळ्यांनी पाहिला आहे. दर दाव्यात नवी जमीन, आणि दर वेळी याच्या बापाने ती पाहिलेली! शेवटी १२७५ मध्ये कायदा करून त्या शपथेतून त्याला मोकळं करावं लागलं. शपथेतला खोटेपणा टाळायला आणलेली रीत अशी खोट्या शपथेवरच येऊन थांबली. मैदानात उतरताना आणखी एक शपथ असे: मी आज काही खाल्लेलं-प्यायलेलं नाही, माझ्या अंगावर हाड, दगड, गवत, मंत्र-तंत्र काही नाही, ज्याने देवाचा कायदा खाली पडेल आणि सैतानाचा वर चढेल. प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला ताईत असेल, ही भीती सगळ्यांना होती. त्याचे दंड आपल्यापेक्षा जाड आहेत, ही तक्रार मात्र कुठल्याच शपथेत बसत नव्हती.

फ्रान्समधलं एक प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मार्गरीत द कारूज हिने जाक ल ग्री या सरदारावर बलात्काराचा आरोप केला. २९ डिसेंबर १३८६ रोजी पॅरिसमध्ये, राजा सहावा चार्ल्स याच्यासमोर तिचा नवरा आणि ल ग्री लढले. नवरा हरला असता, तर तिची फिर्याद खोटी ठरून तिला जिवंत जाळलं जाणार होतं. काळे कपडे घालून ती हे बघत होती. नवरा जिंकला. त्या दुपारी तिच्या खरेपणाची मदार नवऱ्याच्या मांडीतल्या जखमेवर होती, तो किती वेळ उभा राहतो त्यावर होती. तिने जे सांगितलं होतं त्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

थॉर्नटनच्या वकिलांना देवाच्या कौलाशी देणंघेणं नव्हतं, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. वर्तमानपत्रांनी लोकमत इतकं तापवलं होतं, की दुसरी ज्युरी त्याला फासावर देईल अशी त्यांना भीती होती. तेव्हा ज्युरीपासून वाचवायचा रस्ता म्हणून त्यांनी कायद्याच्या तळघरातून हा मोजा काढला. विल्यमचे वकील क्लार्क यांनी न्यायालयाला म्हटलं, की ज्याने बहिणीचा खून केला त्यालाच आता भावाचाही खून करून निर्दोषत्व सिद्ध करू द्यायचं, हे आजच्या सुधारलेल्या काळात अजब होईल. मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो यांनी त्यांना तिथेच थांबवलं: हा इंग्लंडचा कायदा आहे, त्याला खून म्हणू नका.

मग युक्तिवाद चालले ते अपवादांवर. कोणाकोणाला लढायची सक्ती नव्हती? बायका, अज्ञान मुलं, साठीच्या पुढचे, आंधळे, लंगडे, धर्मगुरू, उमराव आणि लंडन शहराचे नागरिक. शिवाय, आरोपीविरुद्धचा पुरावा इतका उघड असेल की नाकारायला जागाच नाही, तरी आरोपीला द्वंद्व मागता येत नसे. विल्यमची बाजू या शेवटच्या अपवादावर उभी होती. ठसे, रक्त, बूट सगळं पुन्हा मांडलं गेलं. त्यावर थॉर्नटनच्या बाजूने पुन्हा ती न जुळणारी घड्याळं.

या अपवादांची यादी वाचताना मी थबकले, कारण ही यादी मी आधी वाचली होती, आणि ती इंग्रजीत नव्हती. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात पाच दिव्यं, म्हणजे खरं-खोटं ठरवायच्या परीक्षा, सांगितली आहेत: तुला, अग्नी, पाणी, विष आणि कोश (देवाच्या स्नानाचं पाणी पिणं). लेख, भोगवटा आणि साक्षीदार यांपैकी काहीच नसेल, तेव्हाच दिव्याकडे वळायचं, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे. आणि मग कोणाला कुठलं दिव्य? स्त्री, बालक, म्हातारा, आंधळा, पांगळा, ब्राह्मण आणि रोगी यांना तुला, म्हणजे तराजूत बसवून दोनदा वजन. शूद्राला अग्नी, पाणी, किंवा सात यवांएवढं, म्हणजे जवाच्या सात दाण्यांएवढं, विष. दोन समाज, एकमेकांची खबरबातही नसलेले, आणि दुबळ्यांची यादी जवळपास एकच. त्या यादीत दोन्हीकडे धर्माचे अधिकारी शेजारी जाऊन बसले आहेत. तिकडे उमरावाचं शरीर वाचवलं, इकडे ब्राह्मणाचं. ज्याच्याकडे काही नाही, त्याच्या हातावर इकडे तापलेलं लोखंड आणि तिकडे दांडकं.

आपल्याकडे द्वंद्वाची रीत न्यायसभेत नव्हती, दिव्य मात्र मराठी राज्यातही चाललं. पाटीलकी-कुलकर्णाची वतनं, सीमेचे तंटे गोतसभेपुढे, मजालशीपुढे, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या न्यायसभांपुढे यायचे. कागद बघितले जायचे, साक्षी व्हायच्या, आणि एवढ्याने भागलं नाही तर दिव्य. रवा काढायचा म्हणजे उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा. आधी नखं कापून हात तपासायचे. नंतर हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करायची, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमक्ष ती सोडायची. हात भाजला नसेल तर वतन त्याचं. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी म्हणजे जिंकल्याची भेट-रक्कम घ्यायचं, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी म्हणजे दंड. आणि हरलेल्याने आपल्या हातानेच समोरच्याला येजितखत लिहून द्यायचं, की मी खोटा ठरलो, पुढे या वतनाशी माझा संबंध नाही. इंग्लंडच्या मैदानात तोंडाने द्यायची कबुली इथे कागदावर उतरे.

ती मोहरबंद पिशवी मला सारखी दिसते. आत भाजलेला हात, आणि तीन दिवस त्याचा मालक त्या हाताने काय करत असेल? जेवत कसा असेल? रात्री झोप लागत असेल का? खऱ्या वारसाचा हातही तेलात भाजतोच.

आता हे सगळं मला एवढं का लागतं, ते सांगते. माझे वडील तालुक्याच्या कोर्टात वकिली करायचे. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं आणि शाळा सुटल्यावर मी तिथल्याच कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यास करायची. अशील यायचे ते बहुतेक तारखेच्या आदल्या संध्याकाळी. त्यांत एक मावशी होत्या. माहेरच्या जमिनीत वाटणी मागणारा दावा त्यांनी भावांवर केला होता. कागद स्वच्छ होते. सात-बारा, फेरफार, वारसनोंद, सगळं लावलेलं. त्या पहाटेची एसटी धरून यायच्या, मुक्कामाला भाचीकडे, सोबत पिशवीत भाकरी. भाऊ आणि भावांची मुलं जीपमधून यायची. समोरच्या वकिलाने मुदत मागितली की मिळायची. जाब द्यायला मुदत, कागद दाखल करायला मुदत, उलटतपासणीला वकील आजारी. कोर्टाच्या व्हरांड्यात भाचे मोठ्याने बोलायचे, आत्यानं माहेर बुडवलं म्हणून. मावशी भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

एका संध्याकाळी त्या आल्या आणि म्हणाल्या, ‘वकीलसाहेब, तडजोड करून टाका. ते देतील ते घेते.’

वडील म्हणाले, ‘मावशी, दावा आपलाच आहे. अजून थोडं थांबा.’

‘थांबले असते. पण गुडघं ऐकत न्हाईत आता.’

दुसऱ्या दिवशी तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दाखल झाली. मावशींनी अंगठा नाही, सही केली; त्यांना सही येत होती आणि तिचा अभिमान होता. घरी आल्यावर वडील बराच वेळ फाईल बांधत बसले. मग आईला म्हणाले, ‘दाव्यात दम होता गं. अशिलाचा दम संपला.’ शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्यांनी घडवली, त्यांनी शहाणपणाचा नव्हे तर या दमाचा विचार केला असणार, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. चांदण्या दिसेपर्यंत जो उभा राहील तो सुटेल, हा नियम माझ्या लेखी तेराव्या शतकातला नाही. मी तो शाळेच्या गणवेशात असताना पाहिला आहे.

१६ एप्रिल १८१८ ला निकाल लागला. चारही न्यायमूर्तींचं मत एक पडलं. पुरावा इतका निर्विवाद नाही की द्वंद्वाचा हक्क नाकारावा. तेव्हा थॉर्नटनला तो हक्क आहे. लॉर्ड एलनबरो म्हणाले, कायदा आम्हाला कसा असावासा वाटतो ते नव्हे, तो जसा आहे तसा सांगणं हे आमचं काम. २० तारखेला विल्यमच्या वकिलांनी पुढे काही मागायचं नाही असं कळवलं, आणि थॉर्नटन मोकळा झाला. त्याच वर्षी तो अमेरिकेला निघून गेला. पहिल्या जहाजावरच्या प्रवाशांना त्याचं नाव कळलं तेव्हा त्यांनी त्याच्यासोबत प्रवास करायला नकार दिला होता.

एलनबरोंवर रागवावं, असं पुष्कळांना वाटतं. मला वाटत नाही. लोकांचा संताप शिगेला पोचलेला असताना, एका नावडत्या माणसाला कायद्याने दिलेली गोष्ट नाकारायची नाही, हे न्यायाधीशाने केलंच पाहिजे. कायदा वाईट असेल, तर तो संसदेने बदलावा. आणि संसदेने तो बदललाही. १८१९ च्या जूनमध्ये कायदा होऊन द्वंद्व गेलं. त्यासोबत वारसाची खासगी फिर्यादही गेली.

या दुसऱ्या गोष्टीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १७७४ मध्ये अमेरिकन वसाहतींपुरता हा फिर्यादीचा हक्क काढून घ्यायचं घाटत होतं, तेव्हा जॉन डनिंग या नामांकित वकील-खासदाराने त्याला राज्यघटनेचा मोठा आधारस्तंभ म्हटलं होतं. पंचेचाळीस वर्षांनी तो स्तंभ मोज्याबरोबर एकाच झटक्यात काढून टाकला. दांडकं जायलाच हवं होतं. पण मृताच्या घरच्यांना उभं राहायला जी जागा होती, तीही गेली. यापुढे खून हा राजा आणि आरोपी यांच्यातला मामला. घरची माणसं साक्षीदार म्हणून बोलावली तर येतील, नाहीतर बाकावर बसतील. तीच पद्धत इंग्रजांनी आपल्याकडे आणली आणि आपण ती दीर्घकाळ तशीच चालवली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना आरोपी सुटल्याची बातमी पुष्कळदा कोर्टाच्या शिपायाकडून नाहीतर वर्तमानपत्रातून कळायची, आणि अपील करायचं की नाही हे सरकार ठरवायचं.

आपल्याकडे ते बदललं ३१ डिसेंबर २००९ ला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३७२ व्या कलमाला एक परंतुक जोडलं गेलं: आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडित व्यक्तीला स्वतः अपील करता येईल. पीडित म्हणजे कोण, याच्या व्याख्येत पालक आणि कायदेशीर वारसही येतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की या अपिलासाठी आधी न्यायालयाची वेगळी परवानगी काढावी लागत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद ४१३ व्या कलमात आहे. आईला करता येतं. बहिणीलाही, ती वारस असेल तर. शरीर किती मजबूत आहे, हे कुणी विचारत नाही.

वकिलीच्या फी-पायी अडत असेल, तर बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्यानेच तसं ठरवून दिलं आहे, आणि तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच त्या समितीचं कार्यालय असतं. मी ओळखीच्या वकिलांना, पत्रकारांना, गावातल्या शिक्षकांना हे सांगत असते, कारण सुटकेचा निकाल लागल्यावर अपिलाची मुदत चालू होते आणि घरची माणसं त्या दिवसांत कोसळलेली असतात. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मागायची, ती मागण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि अपिलात खालच्या कोर्टातल्या साक्षी, ठसे, वेळा सगळ्यांचा पुन्हा विचार होऊ शकतो, एवढं तरी त्यांना त्या आठवड्यात कुणीतरी सांगायला हवं.